भिंत पक्की

१

धडकताई दिवसभर भिंतींना धडका द्यायची आणि महिन्याच्या शेवटी त्याबद्दल तिला पगार मिळायचा.

धडका अर्थात खऱ्या नव्हेत. गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती टेस्टर होती. बाकीच्यांनी जग बनवायचं आणि हिने त्यात कुठे भोक राहिलंय ते शोधायचं, अशी कामाची वाटणी. स्क्रीनवरची खार घेऊन ती प्रत्येक भिंतीवर जाऊन आदळायची, प्रत्येक कोपऱ्यात उड्या मारायची, छतावर डोकं बडवून घ्यायची. एखाद्या सांध्यातून खार आरपार गेली आणि जगाबाहेरच्या पोकळीत पडत राहिली, की हिचा चेहरा खुलायचा. लोकांना दुसऱ्याची चूक सापडली की आनंद होतो, पण तो ते लपवतात. हिला लपवायची गरज नव्हती. ऑफिसातल्या सगळ्यांनी तिचं नाव धडकताई ठेवलं होतं आणि गेमचे आवाज तयार करणारा, तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला आवाजवालासुद्धा तिला ताईच म्हणायचा.

गेममधली आधीची जगं गोड होती. जंगल, बर्फ, ढग. शेवटचं जग कारखान्याचं होतं: काळ्या चिमण्या, जांभळं पाणी, सरकते पट्टे, गळके पाइप. खारीने धुरातून उड्या मारत पलीकडे जायचं आणि पाण्यात पडली की मेली. चित्रकार बाईंनी पहिली चित्रं दाखवली तेव्हा साहेबांनी नाक मुरडलं.

"खेळण्यातलं वाटतंय हे. इथे कोणी कारखाना आतून पाहिलाय का?"

मग धडकताई म्हणाली, "माझ्या बाबांनी पाहिलाय. जन्म गेला त्यांचा तिथे."

२

बाबा कपडा रंगवायच्या कारखान्यात होते. तिथून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक खोकला. दोन छोटे, मग एक लांबलचक, आणि शेवटी दमून सोडलेला हुश्श. धडकताई संध्याकाळी जिना चढायला लागली की तो खोकला वरून ऐकू यायचा आणि तिला कळायचं, बाबा घरी आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे वाजवून बघायची सवय. कारखान्यात रंगाची पिंपं असत. झाकण उघडलं की वाफ डोळ्यात जाते, म्हणून माणसं बोट दुमडून बाहेरूनच ठोकत आणि आवाजावरून आत किती माल आहे ते ओळखत. घरी बाबा पाण्याचं पिंप ठोकत, गॅसचा सिलिंडर ठोकत, कलिंगड तर ठोकतच. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर बोट ठेवून वर दुसरं बोट आपटलं आणि "छाती भरलेली आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा आजाराचं राहिलं बाजूला, बाबा खूश झाले. "बघ पोरी, एवढं शिकून शेवटी तेही वाजवूनच बघतात!"

साहेबांनी बोलावलं म्हणून ऑफिसात आले त्या दिवशी तर त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. फिरत्या खुर्चीवर बसून त्यांनी चित्रकार बाईंची चित्रं एकेक करून निकालात काढली.

"पाणी जांभळंच का? ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी त्या रंगाचं पाणी. नाला बघून आम्ही सांगायचो आज आत कुठला माल चाललाय. आणि पिंपं अशी रांगेत कोण ठेवतं? दुकान आहे का ते?"

बाई हसून पुन्हा काढत होत्या. आवाजवाल्याने माइक लावला आणि बाबांपुढे एक रिकामा डबा ठेवला. बाबांनी तो वाजवला. "हे रिकामं. बघा कसं घुमतं. भरलेलं असेल तर मुकं. अर्धं असेल तर वर घुमतं, खाली मुकं." कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांना काही विचारत होतं. धडकताईला भरून आलं. त्यातलं अर्धंच तिला ऐकायला मिळालं, कारण साहेबांनी मध्येच तिला बर्फाच्या जगातला एक जिना तपासायला पिटाळलं.

ती परत आली तेव्हा बाई विचारत होत्या, "काका, आणि इथे मागे काय होतं?"

कागदावर फिरणारं बाबांचं बोट थांबलं. करंगळीच ती, कधीकाळी झाकणाखाली सापडून वाकडी झालेली.

"तिथे हिरवं दार."

"आणि आत?"

"टाकीची खोली. ती नका काढू."

"का हो?"

बाबांना खोकला आला. तो संपायला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "बघण्यासारखं काही नाही तिथे."

बाईंनी खोली काढली नाही. नुसतं दार काढलं, रंगाचे पापुद्रे सुटलेलं, बंद. छान दिसत होतं.

३

कारखान्याचं जग तयार होऊन धडकताईच्या हातात आलं. बाबांचा खरा कारखाना तिने कधी आतून पाहिला नव्हता, लहानपणी फाटकापर्यंत डबा पोचवला होता तेवढाच. तरी हा तोच, असं तिला पहिल्या उडीलाच वाटलं. आपले बाबा इथे रोज येत होते, या विचाराने तिला उगाच अपराधी वाटलं. मग ती कामाला लागली.

दुपारी ती हिरव्या दाराशी पोचली. दार म्हणजे मागच्या भिंतीवरचं चित्र, तिथे तपासायचं असं काही नव्हतं. कंट्रोलर खाली ठेवून ती पाणी प्यायली. खारीला कोणी हलवलं नाही की ती कान खाजवायची, शेपूट झटकायची आणि खेळणाऱ्याकडे तोंड करून जांभई द्यायची. सगळ्या जगांत तेच.

इथे खार वळली. खेळणाऱ्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसली.

"उलटीच बसली की ही," धडकताई स्वतःशी म्हणाली आणि बगची नोंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला.

टक टक टक.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक टक टक.

तिने हेडफोन काढले. ऑफिसात नेहमीची खडखड, पंख्याची घरघर, साहेब फोनवर कोणाला तरी समजावत होते. हेडफोन पुन्हा लावले. टक टक टक.

पाइप गळत असेल, तिने समजूत घातली. खारीला घेऊन ती सगळ्या गळक्या पाइपांखाली उभी राहून आली. थेंबांचा आवाज वेगळा होता, ओला. हा कोरडा होता. बोटाच्या हाडाचा. आणि खार दारापासून लांब गेली की तो बारीक व्हायचा.

आवाजवाला शेजारीच बसायचा. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. "काय रे, बाबांची टकटक घातलीस वाटतं? मला सांगायचं तरी."

"नाही गं ताई. घालायची होती, पण बाकीच्या आवाजांत बसेना. पडून आहे माझ्याकडे."

"मग दाराशी काय वाजतंय?"

त्याने हेडफोन कानाला लावले, डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. "धूर," तो म्हणाला. "माझा धूर वाजतोय. मस्त झालाय ना?"

४

त्या संध्याकाळी ती जिना चढली आणि अर्ध्यावर थबकली. वरून खोकला येत नव्हता.

उरलेल्या पायऱ्या ती धावत चढली. बाबा स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. ठणठणीत.

"काय गं, कुत्रं मागे लागलं का?"

"बाबा, खोकला?"

ते सुरी हातात धरून विचारात पडले. "अगं हो की. सकाळपासून आठवणच नाही झाली त्याची."

दोघं हसली. धडकताईच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही, आणि का नाही ते तिला कळेना. इतकी वर्षं ज्या खोकल्याला शिव्या घातल्या तो गेला तर माणसाने पेढे वाटावेत. तरी रात्री तिला त्या शांततेत झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पाठ वाजवली. एकदा वर, एकदा खाली, मग पुन्हा वर. "साफ आहे," ते म्हणाले. "कमाल आहे. साफच आहे." बाबा शर्टाची बटणं लावत असताना डॉक्टर स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले, जणू बोटाचंच काहीतरी चुकलं असावं.

५

आता दार उघडं दिसायला लागलं.

आधी बोटभर. तिला वाटलं, बाईंनी चित्र बदललं. मग वीतभर. आत पिवळा उजेड होता, आणि उजेडात काहीतरी हलत होतं. धडकताईने खारीला दारापुढे उभं केलं आणि स्क्रीनला नाक लागेपर्यंत पुढे वाकून बघितलं.

एका माणसाची पाठ. चेहरा दिसत नव्हता. कशावर तरी वाकून तो काही घासत असावा. मध्येच तो सरळ झाला आणि दोन्ही हात मागे नेऊन शर्टाच्या पाठीला पुसले. पुढून शर्ट खराब दिसू नये म्हणून मागे पुसायचे, ही बाबांची युक्ती. आई होती तेव्हा या एका गोष्टीवरून घरात किती भांडणं झाली होती.

मग तो माणूस खोकला. दोन छोटे, एक लांबलचक. हुश्श.

तिने हाका मारून बाईंना आणि आवाजवाल्याला बोलावलं. दोघं मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

दार बंद होतं. रंगाचे पापुद्रे, वरचा गंज, सगळं बाईंनी काढलं होतं तसं.

"उघडं होतं आत्ता. आत माणूस आहे."

"ताई," बाई जपून म्हणाल्या, "ते दार उघडूच शकत नाही. चित्र आहे ते. त्याच्या मागे काही नाहीच आहे."

कंपनीचा नियम असा होता, की एकाने नोंदवलेला बग दुसऱ्याला दिसला नाही, तर तो बंद करायचा. नियम चांगलाच होता. एरवी ती स्वतःच नव्या मुलांना तो सुनावायची: दिसलं म्हणू नका, दाखवा. ती आपल्या जागेवर बसली आणि आपण नक्की काय पाहिलं याची उजळणी करायला लागली. बाबांच्या गप्पा ऐकल्या, बाबांचा कारखाना दिसतोय, बाबांची काळजी होती, ती आता मिटली, म्हणून डोकं रिकामं झालंय आणि त्यात नको ते शिरतंय. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिला ते पटलंही. फक्त हेडफोन लावायची हिंमत होईना.

६

तोडगा साहेबांनी काढला, आणि तोही भलत्याच कारणासाठी.

"हे दार काढताना छान काढलंय, पण लोकांना वाटेल आत जाता येतं. डोकी आपटत बसतील आणि आपल्याला शिव्या घालतील. पुढे एक भिंत घाला. विषय संपला."

भिंत आली. विटांची, काजळी धरलेली. आणि भिंत म्हटल्यावर ती तपासायला धडकताईच आली.

तिने खालून सुरुवात केली. डावीकडे धडक, उजवीकडे धडक. कुठेच जागा नव्हती. मग पाइपावरून उडी मारून ती वरच्या कोपऱ्यात गेली, आणि तिथे खारीचं डोकं आत गेलं. छत आणि भिंत यांच्यामध्ये जरासा सांधा सुटला होता. एरवी तिने टाळी वाजवली असती.

फटीतून आतलं दिसत होतं. दार सताड उघडं. टाकीची लोखंडी बाजू, वर गोल तोंड. तो माणूस आता टाकीत उतरला होता. दिसत होता फक्त एक हात, तोंडाच्या कडेला धरलेला. बोटं रंगाने माखलेली, आणि करंगळी वाकडी.

टक टक टक.

धडकताई किती वेळ तशी बसून होती ते तिलाच आठवत नाही. बाबा आत्ता घरी होते. दुपारीच फोनवर बोलले होते, संध्याकाळी फिरायला जाऊ म्हणाले होते. आवाज कसा मोकळा, खणखणीत. मग हे कोण? तिचं डोकं चालेना. मग एक विचार आला, आणि तो इतका सोयीचा होता की तिने तो घट्ट धरला. खोकला इथे आहे, म्हणूनच तो घरी नाही. जे काही बाबांच्या छातीत भरलं होतं ते इथे येऊन बसलंय. ज्या कारखान्याने ते दिलं, त्यानेच परत घेतलं. मग राहू दे की त्याला इथेच! चांगली भिंत घालून राहू दे.

फटीबद्दल ती बोलली नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता. एवढ्या वर कोण उड्या मारतं.

तिने फटीची नोंद केली. काही वेळातच दुरुस्ती झाली. ती हेडफोन लावून बघत होती. टक, टक, आणि विटा जुळल्या. तिसरी आलीच नाही.

तिने सगळी भिंत पुन्हा एकदा खालून वर ठोकून काढली आणि शेरा मारला: भिंत पक्की.

७

गेम पूर्ण होऊन बाहेर गेला. ऑफिसात जरा सैल वातावरण होतं, खिडकीशी चहा चालला होता. धडकताई कशाचाही विचार करत नव्हती, बोटं मात्र टेबलावर आपोआप वाजत होती. टक टक टक. थांबून पुन्हा टक टक टक.

आवाजवाला हसला. "काकांनी सांगितलेलं चांगलंच डोक्यात बसलंय तुझ्या."

"काय सांगितलेलं?"

"हेच. तीन वेळा. तू नव्हतीस का तेव्हा?"

"नव्हते. जिना बघत होते."

"अगं, त्यांच्याकडे टाकी धुवायला माणूस आत उतरायचा. वरून अंधार, कोणाला काही दिसत नाही. म्हणून आतल्याने मधूनमधून तीन वेळा ठोकत राहायचं. म्हणजे, मी आत आहे, झाकण लावू नका." त्याने चहाचा घोट घेतला. "मला तर ऐकूनच गुदमरायला झालं. म्हटलं, काका, आणि एखाद्या दिवशी बाहेरच्याने ऐकलं नाही तर? त्यावर नुसता डबा पुढे सरकवला आणि म्हणाले, चला, पुढचं विचारा."

धडकताईने कप खाली ठेवला. तो तिरका बसला आणि चहा सांडला, तिचं लक्षच नव्हतं.

ती जागेवर जाऊन कारखान्याच्या जगात शिरली. उड्या चुकत होत्या, खार दोनदा पाण्यात पडून मेली. भिंतीशी पोचल्यावर तिने धडका द्यायला सुरुवात केली. खाली, वर, कोपऱ्यात, पाइपावरून, पट्ट्यावरून, इतक्या वर्षांत शिकलेली प्रत्येक युक्ती वापरून. कुठेही एक वीट हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या जगात भोक असायला हवं होतं, आणि जिने ते बुजवलं होतं ती आपल्या कामात फार चोख होती.

"साहेब," ती तिथूनच ओरडली, "ती भिंत काढायला हवी."

"कुठली भिंत?" साहेब म्हणाले. "ताई, गेम गेला. तूच पास केलास."

८

घरी आली तेव्हा अजून उन्हं होती. जिन्यात शांतता होती, हल्ली असायची तशी.

बाबा स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशी उभे होते. झाकण एका हाताने वर धरून आत वाकून बघत होते.

"पाणी किती आहे ते बघतोय," ते म्हणाले.

"वाजवून नाही बघितलंत?"

"वाजवून?" ते वळले. चेहरा प्रसन्न, गालांवर तजेला. तिला कधी आठवतही नव्हते इतके ते बरे दिसत होते. "वाजवून काय कळणार?"

झाकणावरची त्यांची करंगळी इतर बोटांसारखी सरळ होती.

धडकताईला किंचाळावंसं वाटलं आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्हींपैकी कुठलंच जमेना. हे बाबाच होते. हाच शर्ट तिने सकाळी वाळत घातला होता. ती त्यांच्या मागे गेली. शर्टाची पाठ पांढरीशुभ्र होती, हात पुसल्याचा एकही डाग नव्हता.

"जरा उभे राहा असेच," ती म्हणाली.

डॉक्टर करत तसं तिने एक बोट त्यांच्या पाठीवर टेकवलं आणि दुसरं दुमडून वर आपटलं.

घुमलं. वरपासून खालपर्यंत घुमलं, आणि ते घुमणं थांबायला वेळ लागला. तिने तळहाताने तोंड दाबून धरलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून तिने कान त्या पाठीला लावला. लहानपणी झोप येत नसली की लावायची तसा. आत काही नव्हतं. श्वासाची घरघर नाही, काही नाही. ती कान काढणार तेवढ्यात, फार लांबून, खूप खोलातून आवाज आला.

टक. टक. टक.

पूर्वीपेक्षा हळू. ठोकणारा दमला होता.

"बाबा," ती पाठीला तोंड लावून कुजबुजली, "बाबा, मी आहे. मी इथेच आहे."

"येतोय का आवाज अजून?" पिंपाशी उभ्या असलेल्या माणसाने प्रेमाने विचारलं. त्याने मागे हात आणून तिच्या केसांवरून फिरवला. "लक्ष नको देऊस. जाईल हळूहळू."